डीएनएचा अहवाल म्हणजे देवाचा कौल नव्हे

(पक्षकार्यकर्त्यांसाठी उल्हासनगर येथे झालेल्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



या अभ्यासवर्गासाठी मी हा विषय सुचविला तेव्हा काही साथींनी रास्त शंका घेतली. पाण्याची टंचाई, धोकादायक इमारती, कंत्राटी कामगारांची पिळवणूक हे प्रश्न उंबरठ्यावर उभे असताना प्रयोगशाळेतील डीएनएच्या तपासणीशी आपल्यासारख्या कार्यकर्त्यांचा संबंध काय, असे त्यांचे म्हणणे होते. माझे उत्तर असे की, तुरुंगाचा दरवाजा कोणासाठी उघडतो आणि कोणासाठी बंद होतो हा प्रश्न समाजवाद्यांना कधीच परका नव्हता. आज त्या दरवाजाची किल्ली हळूहळू संगणकाच्या हाती जात आहे. तो संगणक कोणाचा, त्याची रीत काय आणि त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला, हे समजून घेणे हे म्हणूनच आपले काम आहे.

आपल्या या तीन शहरांना तर ते अधिकच जवळचे आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर झालेल्या अत्याचाराने सारा महाराष्ट्र हादरला. तक्रार नोंदवून घेण्यास पोलिसांनी लावलेल्या विलंबाने लोकांचा संताप अनावर झाला आणि २० ऑगस्ट रोजी हजारो नागरिकांनी बदलापूर स्थानकात रेल्वे रोखून धरली. तो संताप न्याय्य होता. परंतु त्या दिवशी 'ताबडतोब फाशी द्या' ही घोषणाही दुमदुमली, आणि पुढे २३ सप्टेंबर रोजी त्या खटल्यातील आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत पोलिसांच्या गोळीने मारला गेला. खटला उभाच राहिला नाही. त्या बालिकांच्या बाजूने गोळा केलेला पुरावा भर न्यायालयात कधी कसाला लागला नाही. मी आज जे मांडणार आहे त्याच्या मुळाशी ही घटना आहे, म्हणून ती प्रथम सांगितली.

एकाचा नमुना आणि अनेकांचे मिश्रण

प्रथम शास्त्र समजून घेऊ. माणसामाणसांतील डीएनएचा फरक ओळखण्याची पद्धत इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली शोधून काढली. आपल्या देशात हैदराबादच्या संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ती रुजविली. आज जगभर रूढ असलेली रीत अशी की, डीएनएच्या लांबलचक साखळीतील वीस-बावीस ठराविक स्थाने निवडावयाची. अशा प्रत्येक स्थानी एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो त्याचा आकडा माणसागणिक बदलतो. प्रत्येकाजवळ प्रत्येक स्थानी दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला व एक बापाकडून. यंत्र हे आकडे आलेखावरील शिखरांच्या रूपाने दाखविते. रक्ताचा डाग एकाच माणसाचा आणि भरपूर असेल, तर हे शास्त्र अत्यंत विश्वासार्ह आहे. अमेरिकेत चुकीने शिक्षा झालेले शेकडो निरपराध लोक याच शास्त्राच्या बळावर सुटले. आपण विज्ञानाचे विरोधक नाही, हे मी आरंभीच स्पष्ट करतो.

परंतु बलात्काराच्या किंवा मारामारीच्या गुन्ह्यात नमुना क्वचितच एकाचा असतो. तो पीडितेचा व आरोपीचा मिळून असतो. सामूहिक अत्याचारात तीन-चार जणांचा असतो. हत्याराच्या मुठीवर किंवा दाराच्या कडीवर तर किती जणांचे हात लागले असतील याची गणती नाही. समजा, दोन माणसांच्या मिश्रणात एका स्थानी ११, १२, १४ आणि १५ असे चार आकडे आले. यांतील कोणते दोन पहिल्या माणसाचे? ११-१२ असू शकतील, ११-१४ असू शकतील, ११-१५, १२-१४, १२-१५ किंवा १४-१५. एका स्थानी सहा शक्यता. दोन स्थानी छत्तीस, तीन स्थानी दोनशे सोळा, आणि दहा स्थानी सहा कोटींहून अधिक! यांतील बऱ्याच शक्यता शिखरांच्या उंचीवरून बाद करता येतात. कारण ज्याचा अंश जास्त त्याची शिखरे उंच. पण नमुना अल्प असेल तर एखादे खरे शिखर उमटतच नाही. उलट मोठ्या शिखराच्या शेजारी एक लहानसे आभासी शिखर उमटते, ते दुसऱ्या माणसाचे की यंत्रक्रियेचे हे कळत नाही. दोन वाटेकऱ्यांचा आकडा एकच असला तर दोघांची शिखरे एकमेकांत मिसळून जातात.

आपल्या वालधुनी नदीचे उदाहरण घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून ती वाहते, औद्योगिक वसाहतीची रसायने पोटात घेते, उल्हासनगरच्या गटारांचे पाणी घेते, जीन्स धुण्याच्या कारखान्यांचे निळे पाणीही तिने वर्षानुवर्षे वाहिले. आता कल्याणजवळ तिच्या पाण्याची एक बाटली भरली आणि कोणाला विचारले की, हे विष किती जणांचे, कोणाचे किती, आणि अमुक कारखान्याचे यात आहे काय, तर जाणकार मनुष्य लगेच हो किंवा नाही म्हणणार नाही. तो आधी प्रत्येक कारखान्याच्या सांडपाण्याची लक्षणे मागेल आणि मग सांगेल की, अमुक शक्यता तमुक शक्यतेहून इतक्या पटीने अधिक आहे. मिश्र डीएनएच्या बाबतीत प्रामाणिक शास्त्रज्ञाचे उत्तर असेच असते.

हे काम माणसे डोळ्यांनी करीत तेव्हा काय होत होते ते पाहा. अमेरिकेतील एका सामूहिक बलात्काराच्या खटल्यात आरोपीविरुद्ध गेलेला मिश्र नमुन्याचा आलेख २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सतरा तज्ज्ञांना दाखविण्यात आला. त्यांना खटल्याची काहीच माहिती दिलेली नव्हती. मूळ तज्ज्ञांच्या मताशी एकजण सहमत झाला, चौघांनी निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले आणि बाराजणांनी आरोपीला वगळले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेने २०१३ साली १०८ प्रयोगशाळांना मुद्दाम तयार केलेली मिश्रणे दिली. त्यांतील एका अवघड मिश्रणात ज्याचा अंश मुळीच नव्हता अशा व्यक्तीला ७४ प्रयोगशाळांनी आत ओढले. या प्रयोगशाळा पुढारलेल्या देशातील होत्या आणि त्यांत कोणी लबाडीही केलेली नव्हती, हे ध्यानात घ्या.

संगणक आला, पण कोणाचा?

ही विसंगती दूर करण्यासाठी संख्याशास्त्रीय आज्ञावली पुढे आल्या. न्यूझीलंड व दक्षिण ऑस्ट्रेलिया येथील सरकारी संस्थांनी 'एसटीआरमिक्स' तयार केली. अमेरिकेतील एका खाजगी कंपनीची 'ट्रूॲलील' आहे. नॉर्वेतून आलेली 'युरोफॉरमिक्स' तर विनामूल्य आहे आणि तिची घडण कोणालाही उघडून पाहता येते. या आज्ञावली शिखरांची उंची, हरवलेली शिखरे, आभासी शिखरे या साऱ्यांचा हिशेब करतात आणि एक गुणोत्तर देतात. आरोपी या मिश्रणात आहे असे धरले तर हा आलेख मिळण्याची शक्यता किती, आणि त्याच्या जागी कोणी अनोळखी मनुष्य आहे असे धरले तर ती किती, या दोहोंचे ते गुणोत्तर.

येथे एक फसगत नेहमी होते. गुणोत्तर एक हजार आले, तर 'आरोपी गुन्हेगार असण्याची शक्यता हजारास एक' असे सरकारी वकील म्हणू लागतात. ते सर्वथा चूक आहे. त्याचा अर्थ इतकाच की, मिश्रणाशी काहीही संबंध नसलेल्या हजार माणसांत फार तर एखाद्याच्या वाट्याला योगायोगाने इतका आकडा येईल. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत नऊ लाख तेहेतीस हजारांवर होती. म्हणजे असा आकडा लागू शकेल अशी नऊशेपर्यंत माणसे केवळ आपल्या तीन शहरांत निघू शकतील! शिवाय तो आकडा अंश कोणाचा एवढेच सांगतो. तो तेथे कसा आला हे सांगत नाही. एका घरात राहणाऱ्या, एक टॉवेल वापरणाऱ्या, एका खोलीत दाटीने झोपणाऱ्या माणसांचे अंश एकमेकांच्या वस्तूंवर असणारच.

आज्ञावलीही माणसेच लिहितात आणि त्यांच्या हातून चुका होतात. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात २०१५ साली एसटीआरमिक्समधील एका दोषाचा परिणाम साठ खटल्यांतील आकड्यांवर झाल्याचे उघड झाले. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी प्रयोगशाळेने लोकांच्या पैशातून स्वतःची आज्ञावली तयार केली आणि २०११ पासून ती खटल्यांत वापरली. तिची घडण मात्र आरोपींच्या वकिलांना दाखविण्यास नकार दिला. २०१६ साली न्यायाधीशांच्या आदेशाने ती उघडली, तेव्हा काही परिस्थितीत ती आज्ञावली काही स्थानांची माहिती हिशेबातून गुपचूप वगळीत होती असे आढळले. ही गोष्ट आधी कोणालाही सांगण्यात आलेली नव्हती. त्याच राज्यातील पॉट्सडॅम येथील एका बालहत्येच्या खटल्यात एका आज्ञावलीने निष्कर्ष काढता येत नाही असे सांगितले आणि दुसरीने आरोपीकडे बोट दाखविले! प्रयोगशाळेने ती दुसरी आज्ञावली स्वतः तपासून घेतली नव्हती, म्हणून न्यायाधीशांनी तो पुरावा नाकारला आणि २०१६ साली आरोपी निर्दोष सुटला. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या वैज्ञानिक सल्लागार मंडळाने त्याच वर्षी बजावले की, तीनहून अधिक वाटेकऱ्यांच्या किंवा ज्यात लहान वाटेकऱ्याचा अंश वीस टक्क्यांहून कमी आहे अशा मिश्रणांबाबत या पद्धती पुरेशा सिद्ध झालेल्या नाहीत.

खाजगी कंपनी म्हणते, आमची घडण हे आमचे व्यापारी गुपित आहे. न्यू जर्सीच्या अपील न्यायालयाने २०२१ साली हा दावा फेटाळला आणि बचाव पक्षाला घडण पाहण्याचा अधिकार दिला. माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेणाऱ्या पुराव्यावर नफ्याची मक्तेदारी असता कामा नये, हे तत्त्व एका भांडवलशाही देशातील न्यायालयालाही मान्य करावे लागले. उद्या आपल्याकडे असे एखादे यंत्र मोठ्या किमतीला येईल आणि त्यावरील परदेशी शिक्क्यालाच प्रमाण मानले जाईल. उल्हासनगरच्या श्रोत्यांना 'मेड इन यूएसए' या शिक्क्याचे मर्म मी काय सांगावे! शिक्का पाहून माल घ्यायचा नसतो, उसवून पाहायचा असतो.

आपल्या न्यायालयांतील अनुभव

आता महाराष्ट्राकडे वळू. जालना येथे २०१२ साली एका अजाण बालिकेवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली फाशीची शिक्षा दोन विरुद्ध एक अशा बहुमताने कायम केली. तिसऱ्या न्यायमूर्तींचा मतभेद शिक्षेपुरता होता. मिश्र नमुन्यात स्त्रीचा अंश फार आणि पुरुषाचा थोडा असतो, तेव्हा केवळ पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्राची तपासणी करतात; तीच तेथे झाली होती आणि न्यायालयाने तिला अढळ पुरावा मानले. त्या खटल्यात इतरही पुरावा होता, त्या निर्णयाची चिकित्सा मला येथे करावयाची नाही. पण कार्यकर्त्यांनी एवढे जाणले पाहिजे की, वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते. बाप, भाऊ, काका, चुलतभाऊ या सर्वांचे ते सारखेच असते. ते कुळ ओळखते, माणूस ओळखीत नाही.

दुसरा खटला आपल्याच ठाणे जिल्ह्याचा. २०१० साली सहा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. ठाण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली ती कायम केली. डीएनएचा अहवाल हा त्या शिक्षेचा मोठा आधार होता. १९ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या आरोपीला निर्दोष सोडले. नमुने पाठविण्यास झालेल्या विलंबाचा खुलासा नव्हता, ते मधल्या काळात कोणाच्या ताब्यात होते याची धड नोंद नव्हती, त्यामुळे ते दूषित झाल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. साथींनो, तेरा वर्षांनी या खटल्यातून काय निष्पन्न झाले? एक मनुष्य फाशीच्या दोरापर्यंत जाऊन परत आला आणि त्या चिमुरडीच्या आईबापांच्या पदरी न्याय पडलाच नाही. निष्काळजीपणे गोळा केलेला पुरावा दोन्ही बाजूंच्या गरिबांना लुबाडतो, हे यापेक्षा स्पष्टपणे कोण सांगणार?

दिल्लीच्या छावला भागातील खटल्यात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने फाशी झालेल्या तिघांना सोडताना खालच्या न्यायालयांवर हाच ठपका ठेवला. डीएनए अहवालाचा पाया काय, तज्ज्ञाने ती तंत्रे विश्वासार्ह रीतीने वापरली काय, हे कोणीच तपासले नव्हते. या दोषाला कायद्याचीही साथ आहे. सरकारी प्रयोगशाळेच्या ठराविक अधिकाऱ्यांचा अहवाल तज्ज्ञाला साक्षीस न बोलावताही पुरावा म्हणून वाचता येतो. ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम २९३ होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३२९ आहे. तज्ज्ञाला बोलाविण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, पण मागणी कोणी करावयाची? कॅम्पातील हातगाडीवाल्याने? बदलापूरच्या वीटभट्टीवरील आदिवासी मजुराने? त्याच्या वतीने उभ्या असलेल्या, तुटपुंज्या मानधनावरील वकिलाने? इंग्रजीत लिहिलेल्या अहवालातील 'जुळते' या एका शब्दापुढे सारे गप्प होतात. लोकांचा न्याय लोकांच्या भाषेत झाला पाहिजे हा डॉ. लोहियांचा आग्रह येथे किती मोलाचा होता ते कळते.

आणखी एक गोष्ट आपल्या समाजरचनेतून उद्भवते. आज्ञावलीला लोकसंख्येत कोणता आकडा किती आढळतो याचा तक्ता पुरवावा लागतो. आपल्याकडे विवाह जातीत होतात. जातीजातींत, काही ठिकाणी गावकुसातल्या गावकुसात पिढ्यान् पिढ्या सोयरिकी झाल्या. फाळणीनंतर सिंधमधून येऊन येथे वसलेला समाज असो, की आपल्या डोंगरपट्टीतील ठाकूर-कातकरी असोत, अशा समाजात काही आकडे देशाच्या सरासरीहून अधिक आढळू शकतात. सरासरीचा तक्ता वापरला, तर जुळणी आहे त्याहून दुर्मीळ भासते आणि आरोपीविरुद्धचा आकडा फुगतो. त्यासाठी सुधारणा करण्याची रीत शास्त्रात आहे. ती वापरली काय, हे अहवालात लिहिले पाहिजे. जात मोडण्याची लढाई आपण लढतोच आहोत. ती मोडेपर्यंत तिचा भुर्दंड आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसाने का भरावा?

आपण काय करावयाचे?

केंद्र सरकारने २०१९ साली डीएनएविषयक विधेयक लोकसभेत मांडले आणि २०२३ साली मागे घेतले. प्रयोगशाळांवर नियमन ठेवणारा स्वतंत्र कायदा त्यामुळे झाला नाही. दुसरीकडे, सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे नव्या संहितेने बंधनकारक ठरविले आहे आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत दिली आहे. कालिन्याच्या सरकारी प्रयोगशाळेवर येणारा भार त्यामुळे वाढणार. पुरेशी माणसे न नेमता हा भार टाकला की एकतर अहवाल रखडतात, नाहीतर घाईने निघतात. पहिल्याने पीडिता मरते, दुसऱ्याने निरपराध.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. खटल्यात वापरली जाणारी प्रत्येक आज्ञावली बचाव पक्षाला आणि स्वतंत्र शास्त्रज्ञांना तपासण्यास खुली असली पाहिजे. विनामूल्य व खुली आज्ञावली उपलब्ध असताना सार्वजनिक पैशातून बंद पेटी विकत घेऊ नये. अहवालाबरोबर मूळ आलेख आरोपीला मिळाले पाहिजेत. 'जुळते' एवढेच न लिहिता वाटेकरी किती धरले, गुणोत्तर किती आले, तक्ता कोणता वापरला हे मराठीत लिहिले पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने गरीब आरोपीला वकिलाबरोबरच तज्ज्ञही पुरविला पाहिजे. आणि प्रयोगशाळेतील जागा कायमस्वरूपी भरल्या पाहिजेत. ज्याच्या शब्दावर माणसाचा जीव टांगला आहे तो तंत्रज्ञ कंत्राटी असता कामा नये.

काही कामे मागणीची नसून आपल्या हातची आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, डीएनएचे नमुने अठ्ठेचाळीस तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचले पाहिजेत आणि ते कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेले याची नोंदवही निकालापर्यंत ठेवली पाहिजे. येथील मध्यवर्ती रुग्णालयात किंवा बदलापूरच्या पोलीस ठाण्यात एखाद्या पीडितेबरोबर आपली कार्यकर्ती जाईल, तेव्हा तिने हा आदेश जवळ ठेवावा. मोहोर लागली काय, तारीख-वेळ पडली काय, नोंद झाली काय, हे तिने नम्रपणे पण ठामपणे विचारावे. त्या एका नोंदीवर दहा वर्षांनंतरचा न्याय अवलंबून असतो. आणि आरोपी आपल्या वस्तीतला असेल, तर त्याच्या वकिलाला तज्ज्ञास उलटतपासणीस बोलाविण्याचा अर्ज करावयास सांगावे. ही दोन्ही कामे एकाच न्यायाची आहेत. पीडितेची बाजू घेणे म्हणजे आरोपीचे हक्क नाकारणे, ही समजूत आपण आपल्या मनातून प्रथम काढून टाकली पाहिजे.

शेवटी पुन्हा बदलापूरविषयी. आरोपीच्या मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या त्यांच्या अहवालात पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले होते. ज्या पिस्तुलातून आरोपीने गोळी झाडल्याचे सांगण्यात आले, त्यावर त्याच्या बोटांचे ठसे आढळले नाहीत, हे प्रयोगशाळेनेच सांगितले होते. ज्या शास्त्राकडे सत्ता केवळ आपले हत्यार म्हणून पाहते, तेच शास्त्र सत्तेलाही जाब विचारू शकते, मात्र त्याची कसोटी उघड्यावर झाली पाहिजे. गोळी प्रश्नांची उत्तरे देत नाही. ज्याचे पोट उघडून पाहण्यास बंदी आहे असे यंत्रही देत नाही. उत्तर मिळते ते भर न्यायालयात, दोन्ही बाजूंना समजेल अशा भाषेत झालेल्या उलटतपासणीतून. त्या दोन मुलींचा हाच हक्क होता आणि तो हिरावला गेला. पुढच्या कोणत्याही मुलीचा आणि पुढच्या कोणत्याही आरोपीचा तो हिरावला जाऊ नये, यासाठी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आपल्या शाखांनी वर सांगितलेल्या मागण्यांचे निवेदन तयार करून त्यावर वस्त्यावस्त्यांतून सह्या घ्याव्यात, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.